थ्री-नॉट-थ्री आणि तिच्या बहिणी : जुन्या लष्करी बोल्ट रायफलींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत, रेंजच्या पार्किंगमध्ये आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले गेले आहेत. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी अमेरिकेत राहतो आणि माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त रायफली ली-एनफिल्ड घराण्यातल्या आहेत, त्यामुळे माझा कल तिकडे झुकणार हे गृहीत धरा. कायद्याबद्दल लिहिलंय ते मुख्यतः अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याबद्दल. प्रत्येक राज्याची कुरबुर वेगळी, ती तुमची तुम्ही बघा.

सरप्लस रायफल म्हणजे नेमकं काय?

सैन्याने नवी शस्त्रं घेतली की जुनी कोठारात पडून राहतात आणि कधीतरी ठोक भावात विकली जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वयंचलित रायफली आल्या आणि हाताने बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागेपुढे करायच्या लाखो रायफली एका फटक्यात निवृत्त झाल्या. जर्मन माउझर, रशियन मोसिन-नागांत, ब्रिटिश ली-एनफिल्ड, अमेरिकन स्प्रिंगफील्ड, इटालियन कारकानो, स्वीडिश आणि स्विस रायफली, सगळ्या अमेरिकेत आल्या आणि टपालाने घरपोच मिळू लागल्या. १९६३ मध्ये केनेडींवर झाडलेली कारकानो अशीच मागवलेली होती, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने टपालाचा धंदा बंद केला.

पहिली कोणती घेऊ?

वीस वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर डोळे झाकून मोसिन सांगितली असती. तेव्हा ती शंभर डॉलरच्या आत मिळायची आणि काडतुसं डब्याडब्याने. आता तो काळ गेला. २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी आली आणि स्वस्त गोळीबाराचं ते कारणही संपलं.

आज कुणी विचारलं तर मी आधी उलटा प्रश्न करतो : झाडायची आहे की भिंतीवर लावायची आहे? झाडायची असेल तर स्वीडिश ६.५ मिमी माउझर किंवा स्विस के-३१. दोन्ही देश महायुद्धांपासून लांब राहिले, त्यामुळे रायफलींनी चिखल आणि खंदक पाहिलेच नाहीत. के-३१ चा बोल्ट फिरवायचा नसतो, सरळ मागे ओढायचा. आणि तिच्या दस्त्यामागचा पत्रा उघडला तर कधीकधी आत त्या स्विस शिपायाच्या नावाची चिठ्ठी घडी करून ठेवलेली सापडते. मला एकदा सापडली. वाचली, घडी घातली, होती तिथे परत ठेवली.

पण मराठी माणूस पहिली रायफल डोक्याने निवडत नाही. तो म्हणतो, “ती आपल्या पोलिसांकडे असायची ना, तसली हवी.”

म्हणजे थ्री-नॉट-थ्री. पण ती तर खटारा ना?

हा गैरसमज मी आयुष्यभर खोडत बसणार आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात पोलिसांच्या हातात .३०३ होत्या आणि समोर एके-४७. तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत ‘कालबाह्य’ हे विशेषण तिला कायमचं चिकटलं. त्या कामासाठी ती कालबाह्य होतीच, त्यात वाद नाही. पण रायफल म्हणून ती वाईट नव्हे. आपण पाहिलेल्या रायफली दशकानुदशकं कवायतीत आपटलेल्या, नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) झिजलेल्या आणि वर्षाकाठी मोजक्या गोळ्या झाडलेल्या होत्या. अशी रायफल पाहून ली-एनफिल्डचं मूल्यमापन करणं म्हणजे एसटीच्या भंगारातली बस पाहून इंजिनाला नावं ठेवणं.

जेम्स पॅरिस ली यांनी बोल्ट आणि पेटीची रचना केली, नळीतले आटे एनफिल्डच्या कारखान्याचे, म्हणून ली-एनफिल्ड. आपल्या ओळखीची ‘मार्क तीन’ १९०७ ची. पेटीत १० गोळ्या, माउझरमध्ये ५. बोल्टची मूठ फक्त ६० अंश उचलावी लागते आणि स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना. त्यामुळे हात सरावला की नेम न सोडता गोळ्या झाडता येतात. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाकडून ३०० यार्डांवर एका मिनिटात १५ नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. मी पहिल्यांदा घड्याळ लावून प्रयत्न केला तेव्हा ९ झाडल्या आणि त्यातल्या ४ कागदाला लागल्या. तेही १०० यार्डांवर.

इशापूरची २ए१ म्हणजे काय? जुन्या .३०३ ची नळी बदलून केलेली ना?

नाही. ही अफवा अमेरिकेत इतकी मुरली आहे की दुकानदारही छातीठोकपणे सांगतात. १९६२ च्या युद्धानंतर हाताशी पुरेशा आधुनिक रायफली नव्हत्या, म्हणून पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डचाच सांगाडा (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी भाग) अधिक चांगल्या पोलादात नव्याने घडवला आणि त्यात ७.६२ मिमी नाटो काडतूस बसवलं. जुन्या रायफलीला छिद्र मोठं करून केलेला हा जुगाड नव्हे. पेटी चौकोनी आणि १२ गोळ्यांची. आधीच्या २ए या आवृत्तीवर नेमाच्या अंतराचं मापक २००० पर्यंत होतं, २ए१ वर ते ८०० मीटरवर आणलं. दस्त्याच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्यावर, उजव्या अंगाला, आर.एफ.आय. आणि वर्ष दिसतं, वर अशोकस्तंभाचे सिंह. स्वातंत्र्यापूर्वीच्या रायफलींवर त्याच जागी मुकुट आणि जी.आर.आय. अशी अक्षरं असतात, म्हणजे राजा-सम्राट जॉर्ज. एकाच कारखान्यातल्या दोन रायफली शेजारी ठेवल्या की १९४७ साल बोटाने चाचपता येतं.

काळा रंग मात्र कुंपणाला फासावा तसा फासलेला असतो. तो खरवडू नका, मूळचाच आहे.

मी एच-वन-बी वर आहे. घेऊ शकतो का?

सरळ उत्तर : नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे आणि लोक त्या फटीतून जातातही, पण तुमचं ग्रीन कार्ड रांगेत असताना वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही.

याच नियमाचा दुसरा भाग कुणाच्या डोक्यात येत नाही. भारतातून आलेले आईबाबाही तात्पुरत्या व्हिसावरच असतात. बाबांना एनसीसीची आठवण येते, त्यांना रेंजवर नेऊन हातात थ्री-नॉट-थ्री देऊन फोटो काढायचा मोह होतो. मलाही झाला होता. वकिलाने फोनवरच थांबवलं. बाबा खुर्चीवर बसून बघत राहिले आणि प्रत्येक गोळीनंतर माझी पकड कशी चुकते ते सांगत राहिले.

संग्राहकाचा वेगळा परवाना असतो म्हणे?

असतो. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या बंदुकांसाठी ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवाना मिळतो. तीन वर्षांचे ३० डॉलर. मग अशी रायफल दुकानदारामार्फत न येता थेट तुमच्या पत्त्यावर येऊ शकते. त्या बदल्यात एका वहीत प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद ठेवायची. ‘मूळ स्थितीतल्या’ हे शब्द लक्षात ठेवा, खाली कापाकापीच्या प्रश्नात ते पुन्हा येणार आहेत.

विकत घेताना काय बघायचं?

बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का, हे पहिलं. ली-एनफिल्डमध्ये बोल्ट त्या त्या रायफलीला घासून बसवलेला असतो. क्रमांक जुळत नसेल तर भाव कमी करा आणि तपासणी दुप्पट.

मग नळीत उजेड टाकून बघा. आतली काळपट झाक चालते, खड्डे चालत नाहीत. नळीच्या तोंडाशी आटे झिजलेत का ते पाहा, कारण शिपायांनी दोरीने चिंधी ओढून ओढून तिथलीच धार घालवलेली असते.

मग डी.पी. ही अक्षरं शोधा. म्हणजे फक्त कवायतीची. अशी रायफल कितीही देखणी असली तरी झाडायची नाही, कधीही नाही. काहींचे सांगाडे मुद्दाम भोसकलेले असतात, काहींवर फक्त शिक्का असतो आणि दोष आत असतो.

चाप जिथे असतो त्याच्या वर लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसला तर घाबरू नका. त्याला जगभर ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात. लाकूड फाटू नये म्हणून भारतीय कारागिरांनी केलेली ती मलमपट्टी आहे आणि चांगली आहे. नळीच्या पुढच्या भागावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती रायफल हातबॉम्ब फेकायला वापरलेली, खूप हाल सोसलेली. शोभेला उत्तम.

एक भारतीय विक्षिप्तपणाही इथे सांगतो. तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी इशापूरने .३०३ च्या नळ्या मोठ्या करून एकेरी .४१० बोअरच्या बंदुका केल्या. त्यांना लागतं ते .३०३ चंच, मान न आवळलेलं सरळ काडतूस. बाजारातलं नेहमीचं .४१० त्यात मुळात बसत नाही, आणि बसत असेल तर आधीच्या मालकाने काहीतरी उद्योग केलेत असं समजा.

इतर घराण्यांतले धोके थोडक्यात : १९०३ च्या स्प्रिंगफील्डमध्ये ८,००,००० च्या खालचे क्रमांक (रॉक आयलंडच्या कारखान्याचे असतील तर २,८५,५०७ च्या खालचे) चुकीच्या तापवणीने ठिसूळ झालेले असू शकतात. भिंतीवर लावा. खैबर खिंडीतल्या हातघडणीच्या नकला अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांनी बऱ्याच आणल्या. त्यांवरची इंग्रजी अक्षरं उलटी आणि स्पेलिंगं मजेदार असतात. त्यासुद्धा भिंतीवरच.

आतबाहेर चिकट चॉकलेटी ग्रीस आहे. कसं काढू?

उष्णतेने किंवा द्रावकाने. लोखंडी भाग उकळत्या पाण्यात, किंवा न तापवलेल्या मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायचं द्रावक). लाकूड उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा, ग्रीस घामासारखं बाहेर येतं, पुसत राहायचं. लाकडाला सँडपेपर लावू नका. त्यावरचे शिक्के हीच त्याची जन्मपत्रिका, एकदा घासली की गेली. नंतर जवसाचं तेल, हाताने, थोडं थोडं. स्वयंपाकघरातली भांडी वापरणार असाल तर घरात आधी सांगा. मी नव्हतं सांगितलं.

खोलताना आधी काय काढायचं?

पुढचं लाकूड आधी, दस्ता नंतर. हा क्रम मार्क तीन आणि २ए१ साठी पाठ करा. दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचं (हा गोळ्या भरायचा बोल्ट नव्हे, दस्त्यातला लांब स्क्रू) टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. उत्साहाच्या भरात मागून स्क्रू-ड्रायव्हर घातलात आणि तो बोल्ट फिरवलात की पुढचं लाकूड आतून टर्रकन फाटतं. बाहेरून काही दिसत नाही, पण नेम मात्र त्या दिवसापासून भटकतो. नंबर चार (मार्क तीननंतरची, दुसऱ्या महायुद्धातली ली-एनफिल्ड) मध्ये ही पट्टी नाही.

जुनी लष्करी काडतुसं चालतील का? खडकीची मिळाली आहेत.

मिळाली तर मला एक पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) द्या! ओहायोतल्या एका गन शोमध्ये मी गंजका डबा चाळत होतो आणि एका पुंगळीच्या बुडावर के.एफ. अशी अक्षरं दिसली. के म्हणजे किर्की, आपली खडकी. १८६९ पासूनचा तो कारखाना. माझी मामी त्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायची. विकणाऱ्याला मी हे सांगितलं तर त्याने पन्नास सेंट जास्त लावले.

झाडायच्या बाबतीत : जुनी .३०३ काडतुसं गंज आणणारी आहेत असंच धरून चाला. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यातलं पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे खायच्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच नळीच्या आत होतं. तेलाने मीठ विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल लावून ठेवलंत तर गंजावर झाकण घातलं इतकंच. पाणी हवं. ब्रिटिश शिपाई नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे, मीही तेच करतो. मग कोरडी चिंधी, मग तेल. त्याच दिवशी, घरी पोचल्यावर, जेवायच्या आधी.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी निशाणाकडेच रोखून किमान अर्धा-एक मिनिट थांबा. जुनी दारू कधीकधी उशिरा पेट घेते. बोल्ट लगेच उघडलात तर ते काडतूस तुमच्या तोंडासमोर फुटू शकतं.

मी खडकीची पुंगळी टेबलावर ठेवली आहे. झाडायला नवी बनवलेली काडतुसं घेतो.

हेडस्पेस, हेडस्पेस म्हणतात ते काय?

बोल्टचं तोंड आणि नळी यांच्यामध्ये काडतुसाच्या बुडाला किती जागा मिळते, ते माप. .३०३ च्या बुडाला कडा असते आणि ती कडाच काडतूस धरून ठेवते. बंदूकदुरुस्तीवाल्याकडून मापं लावून घ्या : .०६४ इंचाच्या मापावर बोल्ट बंद व्हायला हवा, .०७४ च्या मापावर होता कामा नये. जागा जास्त असेल तर पुंगळी ताणली जाते आणि बुडापाशी तुटते. नंबर चार मध्ये बोल्टचं डोकं ० ते ३ अशा चार मापांत मिळतं, बदलून काम भागतं. मार्क तीनला ती सोय नाही.

त्यात ली-एनफिल्डचा गाभारा (नळीत काडतूस बसतं ती जागा) मुद्दाम ऐसपैस ठेवलेला आहे, खंदकातलं मातकट काडतूसही आत जावं म्हणून. स्वतः काडतुसं भरणारे लोक म्हणूनच पुंगळीची फक्त मान आवळतात, अंग तसंच ठेवतात. पुंगळी जास्त टिकते.

२ए१ मध्ये दुकानातली .३०८ झाडू का?

दोन काडतुसांची बाहेरची मापं जवळजवळ सारखी, पण रायफल ७.६२ नाटोसाठी तपासलेली आहे. मी त्याच दर्जाची काडतुसं वापरतो. जड गोळीची, शिकारीसाठी भरलेली जोरकस .३०८ त्यात घालत नाही. इतर लोक घालतात आणि मला फोटो पाठवतात. मी उत्तर देत नाही.

गोळ्या निशाणाच्या वर लागतात. माझा नेम चुकतोय?

बहुधा नाही. मार्क तीनच्या नेमाच्या पट्टीवरचं सर्वात खालचं मापच २०० यार्डांचं आहे, तुम्ही १०० वर झाडताय. नंबर चारच्या साध्या उभ्या पट्टीवर तर ३०० आणि ६०० एवढंच आहे, आणि तेही संगीन चढवलेली धरून. जास्त उंचीची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मिळते, ती लावा. किंवा खाली नेम धरा आणि शांत राहा.

पाच गोळ्या भरल्या की दुसरी अडकते.

कडा कडेत अडकली आहे. .३०३ भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे यायला हवी. २ए१ ला हा ताप नाही, तिच्या काडतुसाला बाहेर आलेली कडाच नाही.

मला ती ‘कस्टमाइझ’ करायची आहे. लाकूड कापून, दुर्बीण बसवून...

थांबा.

१९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत रायफली इतक्या स्वस्त होत्या की शिकारी लोक लाकूड कापायचे, माशी उडवायचे, सांगाड्याला भोकं पाडायचे. त्यांना दोष देत नाही, त्यांना हरणासाठी रायफल हवी होती आणि खिशात तेवढेच पैसे होते. आज तसं कारण उरलेलं नाही. आज त्याच पैशात दुकानात नवी, हलकी, जास्त नेमकी शिकारी रायफल मिळते. इथे अशा कापाकाप करणाऱ्याला ‘बब्बा’ म्हणतात. आपल्याकडे वाड्याच्या सागवानी खांबांना हिरवा ऑइलपेंट देणारे असतात, त्यांचा हा मावसभाऊ.

पाडलेलं भोक बुजत नाही. किंमत निम्म्यावर येते, आणि मघाशी सांगितलेली ‘मूळ स्थिती’ गेल्याने संग्राहकाच्या परवान्यावर ती बसतही नाही. नळी १६ इंचांपेक्षा आखूड केलीत तर नोंदणीशिवाय तो थेट केंद्रीय गुन्हा.

उलट फिरवता येतील असे बदल खुशाल करा. दस्त्यावर चढवायचा रबरी मोजा, भोक न पाडता बसणारा दुर्बिणीचा पाया, वेगळी माशी, नवा पट्टा. आणि नेम सुधारायचा असेल तर आधी लाकडाकडे बघा. मार्क तीनच्या पुढच्या लाकडात नळीला खालून हलकं रेटणारी छोटी स्प्रिंग आणि खुंटी असते. ती हरवलेली किंवा गंजलेली असते आणि लोक भलत्याच गोष्टी बदलत बसतात. मागच्या बाजूला सांगाडा ज्या लाकडी खांद्यांवर टेकतो ते दबले असतील तर तिथे पातळ पट्टी घाला. माझ्या एका रायफलीचा १०० यार्डांवरचा गोळ्यांचा पसारा एवढ्यानेच ६ इंचांवरून ३ वर आला.

पण माझ्याकडे आधीच कुणीतरी कापलेली आहे.

मग मजा करा! तिच्यावर सुतारकाम शिका, नवं लाकूड घडवा, हवा तो रंग द्या. किंवा सुटे लाकडी भाग गोळा करून तिला परत मूळ रूप द्या. नळी कापलेली नसेल तर हे जमतं. मी अशा तीन जुळवल्या. पैशाच्या हिशेबाने तिन्ही तोट्यात.

बाजारात ‘जंगल कार्बाइन’ (खरी म्हणजे ली-एनफिल्डची आखूड, हलकी नंबर पाच) म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच रायफली मात्र आयातदारांनी नंबर चार आणि २ए१ कापून बनवलेल्या आहेत. खऱ्या नंबर पाचच्या सांगाड्यावर आणि नळीच्या बुडाशी वजन कमी करायला कोरलेल्या खोबणी असतात. नकलांमध्ये नसतात, तेवढी मेहनत कोण घेणार.

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. त्यांची रायफल सापडेल?

त्यांची म्हणून खात्रीने सापडणं जवळजवळ अशक्य. मार्क तीनच्या दस्त्यात पितळी चकती असते, तिच्यावर कधी पलटणीचा शिक्का सापडतो, पण शिपायाचं नाव नसतं आणि पुढे चकत्या पुसून रायफली फिरत राहायच्या. शिवाय १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या भारतीय तुकड्यांना मार्सेयला उतरल्यावर जुन्या रायफली जमा करून नव्या दिल्या गेल्या. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकलेल्या १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणींच्या रायफली एप्रिल १९१६ च्या शरणागतीत गेल्या. “ही अमुक पलटणीची” असं सांगून जास्त पैसे मागणाऱ्याकडे शिक्का दाखवा म्हणा.

भारतात असा संग्रह करता येतो का?

.३०३ आणि ७.६२ ही दोन्ही मापं भारतात सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. ज्यांच्या घरी शेतीरक्षणाची किंवा शिकारीच्या काळातली रायफल आहे ती बहुधा .३१५ असते. इशापूरनेच ली-एनफिल्डच्या धर्तीवर नागरिकांसाठी बनवलेली, वेगळ्या काडतुसाची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे संग्रह म्हणावा असं काही होत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात .३०३ ला रीतसर निरोप दिला. इथून तिकडे न्यायचा विचारही करू नका.

न्यायची नाहीच आहे. सुट्टीला निघालोय फक्त.

मग बॅग तपासा. रेंजला नेलेली पाठपिशवी भारतात न्यायची नाही, रिकामी असली तरी नाही. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक विसरलेलं काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेत दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. “साहेब, चुकून राहिलं” हे तिथे रोज ऐकतात. माझी रेंजची पिशवी लाल आहे, प्रवासाची निळी, आणि लाल पिशवी गॅरेजच्या बाहेर कुठेच जात नाही, रेंज सोडून.